ही बॅग कोणाची? इंग्रजीतलं माझं, तुझं, त्याचं

यावेळी आलेले मेल आणि मेसेज वाचताना दिसलं की बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडलंय. इंग्रजीत माझं-तुझं-त्याचं कसं सांगायचं आणि "हे कोणाचं?" हे कसं विचारायचं. म्हणून या अंकात सगळे मालकीहक्काचेच प्रश्न घेतलेत, टेन्सवाल्यांनी रागवू नये, तुमचा नंबर पुढच्या वेळी. इंग्रजी शब्द नेहमीसारखे देवनागरीतच आहेत, फक्त जिथे इंग्रजीत अ‍ॅपॉस्ट्रॉफी येतो, म्हणजे शाळेत ज्याला आपण वरचा कॉमा म्हणायचो तो, तिथे तो तसाच ठेवलाय, रवी'ज, अमित'स असा. दिसायला विचित्र आहे पण इलाज नाही.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा सेमी इंग्लिशला पाचवीत आहे. निबंधात त्याने "रवी लव्ह्ज हर सिस्टर" लिहिलं आणि बाईंनी लाल गोल केला. घरी विचारलं तर म्हणतो, बहीण मुलगी आहे ना, मग हर. किती वेळा पाठ करून घेतलं, पुन्हा तेच. काय करू?
एक आई, चिंचवड

ताई, आधी एक सांगते, पोराला ओरडू नका. त्याचं डोकं ठिकाणावर आहे, तो मराठीचा नियम इमानदारीत इंग्रजीला लावतोय. मराठीत "त्याची बहीण" म्हणताना आपण एकाच शब्दात दोन गोष्टी सांगून टाकतो. "त्या"वरून कळतं की ज्याची बहीण आहे तो पुरुष आहे आणि "ची"वरून कळतं की पुढे येणारा शब्द स्त्रीलिंगी आहे. बोलताना आपलं सगळं लक्ष त्या शेपटाकडे, कारण मराठीत चुकायचं तर तिथेच चुकतं, "त्याचा बहीण" म्हटलं की बालवाडीतलं पोरही हसतं. इंग्रजीत ते शेपूटच नाही. हिज म्हणजे नुसतं "त्या" आणि हर म्हणजे नुसतं "ति". पुढे बहीण असो, बैल असो नाहीतर बंगला, इंग्रजीला त्याचं काही पडलेलं नाही, ती फक्त मालक कोण ते बघते.

त्याला वहीत लिहायला सांगा: त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर, त्याचे मित्र, त्याच्या वह्या. आता रबर घेऊन चा, ची, चं, चे, च्या पुसून टाकायला सांगा. सगळीकडे "त्या" उरतं की नाही? मग सगळीकडे हिज. तसंच तिचा भाऊ, तिची बहीण, तिचं घर, शेपूट पुसलं की "ति", सगळीकडे हर. पाठ करण्यापेक्षा हे पुसणं कामाला येतं कारण चूक कुठून येते ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

जाता जाता एक गंमत. पुण्यात जर्मन शिकणारी पोरं बरीच आहेत, त्यांना विचारा, जर्मनमध्ये अगदी आपल्यासारखं दोन्हीकडे बघतात. त्याचा भाऊ "झाइन ब्रुडर" आणि त्याची बहीण "झाइनअ श्वेस्टर", तिचा म्हटलं की झाइन जाऊन "ईअर" येतं, आणि शेपूट पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये उलट कारभार, तिथे नुसतं शेपूट बघतात, बहीण असेल तर "सा", भाऊ असेल तर "सों", मालक बाई आहे की बुवा ते त्या शब्दावरून कळतच नाही. म्हणजे तुमचा मुलगा फ्रेंच शिकत असता तर बाईंनी लाल गोल केला नसता.

अजून एक फरक मोठ्यांसाठी. मराठीत "रवीने अमितला आपली गाडी दिली" म्हटलं की गाडी रवीची, विषय संपला. "त्याची गाडी दिली" म्हटलं की गाडी बहुधा अमितची, रवीकडे पडून होती ती परत केली. इंग्रजीत ही सोय नाही. "रवी गेव्ह अमित हिज कार" यात गाडी कोणाची हे मागचापुढचा संदर्भ बघून ठरवायचं. खात्री द्यायची असेल तर "हिज ओन कार" म्हणा. आणि गाडी अमितची असेल तर सरळ "रवी रिटर्न्ड अमित'स कार" म्हणून मोकळे व्हा, सर्वनामाच्या नादी लागूच नका.

प्रश्न: मी मालवणला एका छोट्या हॉटेलात फ्रंट डेस्कवर आहे. लोक लॉबीत काहीही विसरून जातात, चष्मे, चार्जर, छत्र्या. आमचा एक सहकारी सगळ्यांना "हू इज धिस बॅग?" विचारतो. मी "धिस बॅग इज हूज?" विचारतो. बरोबर काय आणि पाहुण्याला वाईट न वाटता कसं विचारायचं?
फ्रंट डेस्कवरचा, मालवण

सहकाऱ्याला सांगा की तो "ही बॅग कोण आहे?" असं विचारतोय, बॅगेने उत्तर दिलं तर पंचाईत. हू म्हणजे कोण, हूज म्हणजे कोणाचा, कोणाची, कोणाचं, कोणाचे, सगळं एकाच शब्दात, हा शब्द बदलत नाही हे आपलं नशीब.

तुमचं "धिस बॅग इज हूज?" समजेल सगळ्यांना, पण ते मराठी क्रमाचं आहे, ही बॅग आहे कोणाची. इंग्रजीत असा क्रम लोक वापरतात तो नीट ऐकू आलं नाही की. म्हणजे कोणीतरी म्हणालं "धिस बॅग इज मिस्टर अमुकतमुक'स" आणि नाव कळलं नाही, तर मग "सॉरी, धिस बॅग इज हूज?" पहिल्यांदा विचारताना प्रश्नाचा शब्द पुढे. "हूज बॅग इज धिस?" किंवा "हूज इज धिस बॅग?" दोन्ही चालतात, बोलण्यात पहिलं जास्त. "हू डज धिस बॅग बिलाँग टू?" हे जरा सविस्तर पण एकदम नैसर्गिक. शेवटचा टू सोडू नका, मराठी माणूस तो हमखास गिळतो. आणि बिलाँगला आयएनजी लावायचं नाही, "इज बिलाँगिंग टू" आपल्याकडे ऑफिसा-ऑफिसात ऐकू येतं पण ते चूक, मालकी ही काही चालू असलेली क्रिया नाही.

आता एक अशी जागा जिथे चांगलं इंग्रजी बोलणारेही घसरतात. "हूज बॅग इट इज?" हा प्रश्न म्हणून चूक. पण "आय डोन्ट नो हूज बॅग इट इज" हे बरोबर. थेट प्रश्नात इज आधी येतो, प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की इज मागे जातो. "कॅन यू टेल मी हूज बॅग धिस इज?" हेसुद्धा याच हिशोबाने बरोबर.

पण तुमचा खरा प्रश्न रीतीचा आहे आणि तो मला जास्त आवडला. पाहुणा समोर बसलाय, बॅग शेजारी पडलीय, अशा वेळी "हूज बॅग इज धिस?" म्हटलं की ते जरा तपासनीस आल्यासारखं वाटतं. हूजने सुरू होणारा प्रश्न सगळ्या खोलीला विचारायचा, एका माणसाला विचारायचं असेल तर "इज धिस युअर बॅग, सर?" किंवा "एक्सक्यूज मी, इज धिस योर्स?" आणि बॅग बेवारशीच असेल तर "हॅज एनिवन लेफ्ट अ बॅग हिअर?" म्हणजे कोणाची मालकी कोणी सिद्ध करायची नाही, विसरलेला माणूस आपणहून हात वर करतो. गाडी गेटवर आडवी लावलेली असते तेव्हाही हेच. "हू इज द ओनर ऑफ धिस कार?" म्हटलं की ड्रायव्हर गप्प बसतो कारण तो ओनर नाही. "हूज कार इज धिस?" म्हटलं की ज्याच्या ताब्यात चावी आहे तो उठतो. हूजमध्ये कागदोपत्री मालकच पाहिजे असं नाही, ज्याच्याकडे सध्या आहे तोही चालतो, ओनर म्हटलं की आरसी बुक आलं.

उत्तर देणाऱ्याचं पण सांगते. "इट'स माय" नाही, "इट'स माइन". मराठीत "ही माझी बॅग" आणि "ही बॅग माझी" दोन्हीकडे एकच माझी, म्हणून आपल्याला हे दोन वेगळे शब्द आहेत हेच जाणवत नाही. पुढे वस्तूचं नाव येणार असेल तर माय, युअर, हर, अवर, देअर. नाव येणार नसेल, शब्द एकटाच उभा असेल, तर माइन, योर्स, हर्स, अवर्स, देअर्स. हिज बिचारा दोन्हीकडे हिजच. यातल्या एकालाही वरचा कॉमा नाही, योर्समध्ये आपल्याकडे ग्रीटिंग कार्डापासून अर्जाच्या सहीपर्यंत सगळे टाकतात, "युअर'स फेथफुली", तरीही नाही.

आणि तुमच्या मालवणात म्हाताऱ्या आज्या पोराला थांबवून विचारतात ना, "कोणाचो रे तू?" ते इंग्रजीत हूज लावून विचारू नका. "हूज आर यू?" म्हणजे तुझा मालक कोण, असं काहीतरी विचित्र होतं. "हूज बॉय आर यू?" जुन्या धाटणीचं पण चालेल, नाहीतर सरळ "हू आर युअर पेरेंट्स?"

प्रश्न: स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. इट्स आणि इट'स यात नेहमी मार्क जातात. कॉमा म्हणजे मालकी असं शिकवलं होतं, मग इथे उलट का?
एक विद्यार्थी, लातूर

परीक्षेपुरतं उत्तर एका ओळीचं आहे. वाक्यात इट इज किंवा इट हॅज घालून बघा, बसलं तर कॉमा, नाही बसलं तर नाही. "द बँक चेंज्ड इट इज नेम", बसत नाही, म्हणून कॉमा नाही. हूज आणि हू'ज, युअर आणि यू'आर, देअर आणि दे'आर, सगळ्यांना हीच कसोटी, अशा सर्वनामांत कॉमा म्हणजे काहीतरी अक्षर गाळलंय.

उलट का, याचं कारण मजेशीर आहे. मुळात नामातला कॉमासुद्धा गाळलेल्या अक्षराचाच आहे. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना मालकी दाखवायला शेवटी ई-एस लागायचं, पुढे त्यातल्या ईचा उच्चार बहुतेक ठिकाणी गेला. अ‍ॅपॉस्ट्रॉफी हे चिन्ह सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या वळणाने इंग्रजीत आलं, गाळलेल्या अक्षराच्या जागी टाकायला, आणि हळूहळू मालकीच्या एसला चिकटून बसलं. मधल्या काळात लोकांना वाटायचं की हा एस म्हणजे हिजचंच छोटं रूप, त्यामुळे "द किंग हिज क्राउन" असंही लिहीत, राजा त्याचा मुकुट. पण मग राणीच्या मुकुटालाही एसच का लागतो, हे त्यांना कोणी विचारलं नसावं.

आणि इट्स हा शब्द तर अगदी नवखा. आधी निर्जीव वस्तूंनाही हिजच वापरायचे. १६११ साली जे प्रसिद्ध इंग्रजी बायबल छापलं त्याच्या मूळ आवृत्तीत इट्स एकदाही नाही. नंतर तो रूढ झाला तेव्हा कित्येक वर्षं लोक त्याला बिनधास्त कॉमा लावून लिहीत होते, सुशिक्षित लोक, आणि १७८७ सालच्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात पहिल्या कलमात, राज्यांच्या आयात-निर्यात कराच्या भागात, मालकीचा इट'स कॉमासकट आजही तसाच दिसतो. हिज, हर्सला कॉमा नाही मग इट्सलाही नको असं पुढे ठरलं आणि तेच टिकलं. हे परीक्षेत लिहून मार्क मिळणार नाहीत, पण निदान आपल्यालाच कळत नाही असं वाटायला नको.

प्रश्न: रजेच्या अर्जात "टू डेज लीव्ह" मध्ये कॉमा कुठे? आमच्या ऑफिसात चार जण चार ठिकाणी देतात आणि साहेब सगळेच मंजूर करतात.
सरकारी कर्मचारी, परभणी

साहेब मंजूर करतायत तोवर चालू द्या. पण बरोबर असं: एका दिवसाची असेल तर "वन डे'ज लीव्ह", कॉमा एसच्या आधी. दोन किंवा जास्त असतील तर "टू डेज' लीव्ह", कॉमा एसच्या नंतर. दिवस रजेचा मालक आहे असं इंग्रजी मानते, तसंच "टुडे'ज पेपर", "अ वीक'स नोटिस", "टेन मिनिट्स' वॉक". कॉमाचा घोळच नको असेल तर "लीव्ह फॉर टू डेज" लिहा, कोणाच्या बापाची चूक काढायची टाप नाही.

याच्याच जोडीचा एक वेगळा प्रश्न जळगावच्या एका वाचकांनी विचारलाय, टेबलाचा पाय म्हणताना "टेबल'स लेग" की "लेग ऑफ द टेबल". माणसं, प्राणी, संस्था, देश, वेळ यांना एस लावायचा. निर्जीव वस्तूंना बहुतेक वेळा ऑफ, किंवा नुसतं शेजारी ठेवायचं, "टेबल लेग", "कार की", "हाउस नंबर". आपण मराठीतून गाडीची चावी म्हणतो म्हणून "कार'स की" म्हणतो, ते कानाला खटकतं. नियम लोखंडी नाही, "द कार'स इंजिन" सगळे म्हणतात.

प्रश्न: आमच्या सोसायटीत नवीन बोर्ड करायचे आहेत, मुलांचं पार्क, ज्येष्ठांचा कट्टा आणि क्लबहाउसमध्ये स्त्री-पुरुषांची स्वच्छतागृहं. पेंटरने नमुना दिला त्यात चिल्ड्रन्स', सिनियर सिटिझन'स, लेडी'ज, जेन्ट'स असं काय काय आहे. कमिटीत दोन तट पडलेत. तुम्ही निकाल द्या.
सेक्रेटरी, डोंबिवली

सेक्रेटरीसाहेब, पेंटरचा दोष नाही, तो कॉमाचे पैसे वेगळे घेत नाही ना?

चिल्ड्रन हा शब्द आधीच अनेकवचनी आहे आणि त्याच्या शेवटी एस नाही, म्हणून "चिल्ड्रन'स पार्क", कॉमा मग एस. मेन आणि विमेन तसेच, "विमेन'स", "मेन'स". सिटिझन्सला अनेकवचनाचा एस आधीच लागलाय, म्हणून "सिनियर सिटिझन्स' कट्टा", कॉमा शेवटी. एकाच आजोबांचा कट्टा असेल तरच पेंटरचं बरोबर. स्वच्छतागृहांवर मालकी दाखवायची गरजच नाही, सरळ "लेडीज" आणि "जेन्ट्स", कॉमा बिमा काही नको, लोकलच्या डब्यात बायका त्याशिवायच चढतात.

कमिटीत जो कॉमावाला गट आहे त्यांना सांगा की बोर्डावरच्या कॉमावर जगभर भांडणं आहेत आणि ती सुटलेली नाहीत. लंडनच्या ट्यूबमध्ये अर्ल'स कोर्ट स्टेशनला कॉमा आहे आणि त्याच्याच शेजारच्या बॅरन्स कोर्टला नाही. लंडनची लॉईड्स बँक कॉमाशिवाय आणि विम्याचं लॉईड'स ऑफ लंडन कॉमासह. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानवाल्यांनी २०१२ साली नावातला कॉमा काढून टाकला, इंटरनेटच्या जमान्यात सोपं पडतं म्हणून, आणि लोक खवळले. अमेरिकेत तर १८९० साली स्थापन झालेलं भौगोलिक नावांचं सरकारी मंडळ मालकीचा कॉमा नकाशावर येऊच देत नाही, जागा काही कोणाच्या मालकीची वाटायला नको असा विचार. तरी मार्था'ज विनयार्ड या बेटाने १९३३ साली तो परत मिळवला, आणि देशभरात अशी सूट मिळालेली नावं मोजून पाच. ब्रिटनमध्ये २००१ साली एका निवृत्त पत्रकाराने अ‍ॅपॉस्ट्रॉफी वाचवायला संस्थाच काढली होती आणि २०१९ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी कंटाळून बंद केली. आपल्या हार्बर लाइनचं किंग्ज सर्कल घ्या, ते कागदावर कॉमासह आणि कॉमाशिवाय दोन्ही सापडेल आणि गाडी दोन्ही वेळा थांबते.

नावाच्या पाट्यांचंही कोणीतरी विचारलंय. "देशपांडे'ज" म्हणजे एकाच देशपांड्याचं. सगळ्या कुटुंबाचं घर म्हणायचं तर "द देशपांडेज'", कॉमा शेवटी. आणि नुसतं "देशपांडे" लिहिलंत तर पोस्टमनला पुरतं. माझं मत विचाराल तर दारावर तेच बरं दिसतं.

प्रश्न: माझं नाव सुहास. मित्र म्हणतात तुझ्या नावाला मालकीचा एस लावायचा नाही, नुसता कॉमा. क्लासच्या सरांनी उलट सांगितलं. माझं पुस्तक माझं आहे हे मी कसं लिहू?
सुहास, नाशिक

सुहास, तेजस, विलास, मानस, श्रीनिवास, कैलास, या सगळ्यांना हा त्रास आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन वेगवेगळ्या घराण्यांचे. अमेरिकन बातम्यांची एपी पद्धत नुसता कॉमा लावते, सुहास'. पुस्तकवाल्यांची शिकागो पद्धत कॉमा आणि वर एस, सुहास'स. मी तुमच्या सरांच्या बाजूने, कारण बोलताना आपण एस बोलतोच. अमितचं पुस्तक "अमित'स", साधा स. रवीचं "रवी'ज", तिथे जहाजातल्या जसारखा आवाज. आणि सुहासचं "सुहासिज", मध्ये एक इ घुसते कारण दोन स एकामागे एक जीभ म्हणू शकत नाही. बोलण्यात येणारं लिहिण्यात का गाळायचं?

याचा निकाल कोर्टात लागेल असं वाटत असेल तर तेही झालंय. २००६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात कॅन्सस राज्याची एक केस होती, त्यात बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी कॅन्ससला नुसता कॉमा लावला आणि विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी कॉमा आणि एस दोन्ही. केस फाशीच्या शिक्षेची होती, कॉमाची नव्हती, पण एकाच निकालपत्रात दोन्ही पद्धती आहेत हे खरं. तुम्ही कुठलीही एक धरा आणि एका वहीत दोन्ही करू नका.

प्रश्न: माझी नातवंडं न्यू जर्सीत असतात. मराठी छान बोलतात पण "आजी, माझ्याकडे दोन काका आहेत", "माझ्याकडे ताप आहे" असं बोलतात. हसू येतं आणि वाईटही वाटतं. हे असं का?
एक आजी, सध्या पुणे

आजी, ही चिंचवडच्या पोराची उलटी बाजू आहे. इंग्रजीत एक हॅव आहे आणि तो सगळीकडे चालतो. काका हॅव, गाडी हॅव, ताप हॅव, घारे डोळे हॅव, वेळ हॅव. मराठीत प्रत्येकाची व्यवस्था वेगळी. माणसं आणि आजार आपल्याला होतात किंवा असतात, मला दोन काका आहेत, मला ताप आहे. वस्तू आपल्याकडे असतात, माझ्याकडे गाडी आहे. सुट्टे पैसे, किल्ली असं अंगावर बाळगायचं ते जवळ असतं, माझ्याजवळ सुट्टे नाहीत. अवयव आणि स्वभाव थेट आपले, तिचे डोळे घारे आहेत, त्याचा स्वभाव तापट आहे. पोरांच्या डोक्यात हॅवचं भाषांतर एकदा माझ्याकडे असं बसलं की सगळीकडे तेच लागतं. "माझ्याकडे दोन काका आहेत" म्हटलं की काका राहायला आलेत असं वाटतं, ते आले असतील तर मात्र वाक्य अगदी बरोबर आहे!

सुधारायचं तर चूक काढू नका, फोनवर तुम्हीच परत बरोबर वाक्य म्हणा. "अगं बाई, तुला ताप आहे? किती आहे?" मुलं ऐकून उचलतात. आणि इकडे आपले लोक उलट चूक करतात त्याचं काय? "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स", "आय अ‍ॅम हॅविंग अ कार". मालकीच्या हॅवला आयएनजी नाही. "आय अ‍ॅम हॅविंग लंच" चालतं कारण तिथे हॅव म्हणजे खाणं, मालकी नाही. "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणजे काय होईल ते जेवणाच्या टेबलावर कल्पना करा.

प्रश्न: पुढच्या महिन्यात लग्न आहे, कार्ड इंग्रजीत छापतोय. दोघांच्या नावांना एस लावायचा की एकाच्या? प्रेसवाले म्हणतात दोन्हीला लावा, शोभून दिसतं. आणि आईवडिलांच्या ओळीचं काय?
नवरामुलगा, इचलकरंजी

अभिनंदन! लग्न दोघांचं मिळून एकच आहे, म्हणून एस एकदाच आणि तो शेवटच्या नावाला, "रोहन अँड स्नेहा'ज वेडिंग". दोघांना वेगवेगळा लावलात तर रोहनचं एक लग्न आणि स्नेहाचं दुसरं असं वाचता येतं, पाहुणे गोंधळतील. आईवडील मात्र दोघांचे वेगळे, तिथे दोन्हीकडे एस, "रोहन'स अँड स्नेहा'ज पेरेंट्स". लग्नानंतर जॉइंट अकाउंट काढाल तेव्हा "मी अँड माय वाइफ'स अकाउंट" लिहू नका, "माय वाइफ'स अँड माय अकाउंट" व्याकरणात बसतं पण जिभेला अडतं, सगळ्यात सोपं "अवर अकाउंट". "माझा एक मित्र" असं कार्डावर कुठे येणार असेल तर "अ फ्रेंड ऑफ माइन" किंवा "अ फ्रेंड ऑफ रोहन'स", ऑफ आणि एस दोन्ही एकत्र, इथे ते चालतं, प्रेसवाले एस काढायला निघाले तर अडवा. आणि फायनल प्रूफ तुम्ही दोघांनी वेगवेगळं वाचा, कार्ड छापून आल्यावर पेनाने कॉमा देत बसायला लग्नघरात कोणाला वेळ नसतो.